पुठ्ठ्यातला खलाशी

दहावा फर्मा बुधवारी दुपारी आला. छापखान्याचा गडी खांद्यावरचा गठ्ठा सोप्यात टाकून, तांब्याभर पाणी पिऊन गेला आणि चाँदबीनं पदर खोचून ताव मोजायला घेतले. चोवीस तावांचा एक दस्ता. पुस्तक हजार प्रतींचं, वर वीस ताव बिघडाबिघडीला. म्हणजे साडेबेचाळीस दस्ते. साडेबेचाळीसच भरले. तिला बरं वाटलं. गेले दोन फर्मे घड्या झाल्यावरही असेच पुरते भरत होते. मोजणी जुळली की तिला वाजवीपेक्षा जास्त बरं वाटायचं, आणि ते का वाटतं हे तिला ठाऊक होतं. तानाबाई कामावरून गेल्यापासून एकही ताव कमी पडला नव्हता.

कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या बोळात अमीन जिल्दसाजाचं घर होतं. पुढच्या खोलीत अमीन पुस्तकं शिवायचा, कडा कापायचा, चामडं चढवायचा. मागच्या सोप्यात त्याची बायको चाँदबी तावांच्या घड्या घालायची. पुस्तक काही छापखान्यातून एकदम येत नाही. एका तावावर सोळा पानं छापतात, तो एक फर्मा. एक आला की आठ-दहा दिवसांनी दुसरा. ताव समोर धरला तर पानं उलटीसुलटी दिसतात. तीन घड्या घातल्या की ओळीनं लागतात. हे एकटीच्या हातचं काम नव्हतं. दुपारी दोन-तीन बायका येऊन बसायच्या, आणि हात गुंतले तरी कान मोकळे, म्हणून चाँदबी त्यांना फर्मा वाचून दाखवायची.

तिचे वडील दवाखान्यात औषधं कांडायचे. बाटलीवरची चिठ्ठी वाचता यावी म्हणून त्यांनी लेकीला अक्षरं शिकवली, आणि गुंजा-मासे अशा बारीक वजनांत तोलायलाही शिकवलं. अंदाज म्हणजे आळशाचा तराजू, असं ते म्हणायचे. मुसलमानाच्या पोरीला मराठी वाचायला येतं याचं पेठेत कौतुक होतं. चाँदबीला मात्र वाचण्यापेक्षा मोजण्याचा जास्त अभिमान होता. महाराजांच्या राज्यात छापखाने बरेच निघाले होते, जिल्दसाजही बरेच होते. पण अमीनच्या घरून गेलेल्या पुस्तकात पान मागंपुढं झालंय, असं कुणी म्हटलेलं नव्हतं. ती चाँदबीची कमाई होती.

या वेळचं पुस्तक म्हणजे कुणा मास्तरानं लिहिलेली कादंबरी, 'खाऱ्या पाण्यातले बावीस दिवस'. वेंगुर्ल्याहून निघालेलं गलबत वादळात फुटतं. सात माणसं एका होडीत उरतात, आणि त्यांच्याजवळ गोड्या पाण्याचं एक लाकडी पिंप. गोष्ट सांगतो तो त्यातला एक कारकून. रोज सकाळी तो पिंपात काठी घालून पाणी किती उरलं ते बघतो आणि काठीवर खूण करतो. मग प्रत्येकाला करवंटीभर पाणी, न जास्त, न कमी.

चाँदबीला हा कारकून पहिल्या भेटीतच आवडला होता.

सोप्यातल्या कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. "रंकाळा तळ्याच्या दुप्पट असंल," विठाबाई म्हणाली होती. विठाबाई शेजारच्याच बोळातली. तोंडानं फटकळ, हातानं चपळ. "आन् एवढं पाणी भवतीनं असताना हे करवंटीला का रडाल्यात?"

"मिठात कैरी ठेवली की कैरी पाणी सोडते ना? तसं खारं पाणी पोटात गेलं की अंग पाणी सोडतं. माणूस प्यायला तर जास्तच सुकतो," चाँदबीनं सांगितलं.

"समुद्र म्या बघितलाय," तानाबाई म्हणाली. "गगनबावड्याला माझं माहेर. ढग नसलं की कड्यावरनं पांढरी रेघ दिसती लांब. तीच म्हणं."

"रेघ बघून आली आन् म्हणं समुद्र बघितला!" विठाबाई हसली.

तानाबाई पंचेचाळिशीची, हाडापेरानं मोठी. रोज उचगावाहून चालत यायची. तिचा नवरा केरबा तिथं फुटाण्याची भट्टी लावायचा. फुटाण्याच्या पुड्यांना कागद लागतो, म्हणून छापताना बिघडलेली रद्दी थोडी थोडी तिनं न्यावी, अशी मुभा अमीननंच दिलेली होती. बाकीच्या रद्दीचे थर खळीनं एकावर एक चिकटवून चाँदबी पुठ्ठे करायची.

सहाव्या फर्म्यात पिंपातलं पाणी चोरीला जायला लागलं. कारकून सकाळी काठी घालतो, तर रोज दोन बोटं पाणी हिशेबापेक्षा कमी. सातव्यात संशय एका म्हाताऱ्या खलाशावर जातो. तो रात्री पिंपाला पाठ लावून निजतो म्हणून. "तोच," चाँदबी वाचता वाचता म्हणाली होती. "पिंपाजवळ दुसरं कोण असतं?"

"न्हाय," तानाबाई घडीवर शिंगाची पट्टी ओढत म्हणाली. "खलाशी न्हाय घेणार."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"माझा मामा कोकणात ओझी घेऊन उतरायचा. त्येच्या संगं एक खलाशी आलता घरला, चार दिवस ऱ्हायला. पाणी द्यायला गेलं की आधी घागरीला हात लावून कपाळाला लावायचा, मग प्यायचा. असली माणसं पाणी चोरत न्हाईत."

"एकावरनं सगळे खलाशी कळले तुम्हाला," चाँदबी म्हणाली, आणि बायका हसल्या. चाँदबीही हसली. पुढच्या आयुष्यात हे हसणं तिला पुष्कळदा आठवणार होतं.

कारण तो फर्मा तिनं वाचून दाखवला त्याच संध्याकाळी, घडीला न लागलेले ताव बांधून ठेवताना, तिला मोजणी कमी भरली. आला त्या दिवशी सातवा फर्मा साडेबेचाळीस दस्ते होता. आता घडी घातलेले नि न घातलेले मिळून साडेचाळीस. तिनं पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले. पुरते दोन दस्ते, अठ्ठेचाळीस ताव, घरातून गेलेले होते.

तानाबाई तेवढ्यात निघाली होती. काखेत रद्दीची गुंडाळी.

"तानाबाई, ती गुंडाळी सोडा बघू."

"का वो भाबी?"

"सोडा."

गुंडाळीतला वरचाच ताव सातव्या फर्म्याचा निघाला. पान सत्त्याण्णव, कोपऱ्यात स्वच्छ छापलेला आकडा.

"हा कुठला?"

"रद्दीतला की. बिघडलाय त्यो. उलटं करून बघा की."

चाँदबीनं ताव उलटा केला नाही. "मला दिसतंय. अक्षर वाचता येतं मला, तानाबाई."

तानाबाईनं त्या तावाचा कोपरा बोटांत चोळला. "आक्षर तुमास्नी येतंय, खरं कागद मलाबी कळतोय," ती म्हणाली. मग तिनं गुंडाळी जमिनीवर ठेवली, आपली शिंगाची पट्टी कमरेला खोचली आणि उंबरा ओलांडला. विठाबाई फस्सकन हसली. कशाला हसली, तिलाही सांगता आलं नसतं. गप्प राहण्यापेक्षा सोपं, म्हणून हसली असेल.

अमीन छापखान्यात हात जोडून आला. छपाईचे सोडलेले खिळे पुन्हा जुळवून तेवढे ताव नव्यानं छापून घ्यावे लागले. "माझ्या घरातून गेले," एवढंच त्यानं तिथं सांगितलं, कुणाचं नाव घेतलं नाही. नाव विठाबाईनं घेतलं. बोळातून पेठेत, पेठेतून बाजारात, बाजारातून उचगावात. नाव न्यायला तिला गाडी लागली नाही.

आठव्या फर्म्यात होडीतल्या माणसांनी खलाशाची करवंटी बंद केली. "बरं झालं," चाँदबी म्हणाली होती. नवव्यात खलाशी काही मागत नव्हता, भांडत नव्हता. कमरेचं फडकं समुद्रात बुडवून डोक्यावर ठेवायचा आणि पिंपापासून लांब, होडीच्या टोकाला जाऊन बसायचा. वाचताना चाँदबीचा आवाज एकदोनदा अडखळला. तिनं घसा खाकरला आणि पुढं गेली.

आणि आज हा दहावा. बायका जमल्या. चाँदबीनं एका तावाला तीन घड्या घातल्या, कडा फाडून मोकळ्या केल्या आणि पान एकशेपंचेचाळीसपासून वाचायला घेतलं. दुसऱ्याच पानावर खलाशी मेला. माणसांनी त्याला पाण्यात सोडलं. कुणीतरी म्हणालं, आता पाणी पुरेल. सकाळी कारकुनानं पिंपात काठी घातली, आणि पुढची ओळ अशी होती: 'दोन बोटे पाणी आजही कमी होते.'

चाँदबी थांबली.

"म्हंजे?" विठाबाईचे हात थांबले. "त्यो घेतच नव्हता?"

चाँदबीनं त्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

"मेला की मग बिचारा फुकट," विठाबाई म्हणाली, आणि तिला कुठली गोष्ट फार वेळ जड राहू देणं जमत नसे, म्हणून लगेच पुढं, "त्यो कारकूनच कच्चा गं. आपला कारकून बघा. तानाबाई गेली आन् हितली चोरी थांबली का न्हाय? आपला कारकून पक्का!"

बायका हसल्या. सगळ्यांनी चाँदबीकडं बघितलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. होडीत खलाशी गेल्यावरही पाणी कमी होत राहिलं, म्हणून तो निर्दोष. इथं तानाबाई गेल्यावर काही कमी झालं नाही, म्हणून ती दोषी. हिशेब सरळ होता. मग मघाशी ती ओळ वाचताना ती थांबली का?

"बाकीचं उद्या," ती म्हणाली.

बायका गेल्यावर तिची सासू बिबीजान भिंतीशी उभे करून ठेवलेले पुठ्ठे झाडत होती. एका अत्तरवाल्यानं पेट्या करायला सहा मोठे पुठ्ठे सांगितले होते. तो गावाला गेला तो अजून न्यायला आला नव्हता. "बहू, ये देख," बिबीजान म्हणाली. "तेरे पुठ्ठे को घुन लग्या."

चाँदबीचा विश्वास बसेना. तिच्या पुठ्ठ्याला कीड लागत नसे, कारण ती खळीत मोरचूद घालायची, शेरभर कणकीला तोळाभर, वडिलांच्या तराजूवर तोलून. पण कोपऱ्याला बारीक भोकं होती आणि खाली पिठासारखा भुगा पडला होता. तिनं कोपरा नाकाशी नेला. मग नखानं खरवडून बघितला. मोरचूद असला की खळ सुकल्यावर किंचित हिरवट दिसते. ही पांढरी होती.

म्हणजे त्या दिवशी मोरचूद घालायचा राहिला होता. कुठल्या दिवशी? पुठ्ठे केले तो दिवस तिला आठवला, कारण त्या दिवशी बिबीजान ओरडली होती. सणाच्या सुटीमुळं सहावा आणि सातवा फर्मा एकदमच आले होते. सातवा मोजून तसाच सुटा ठेवला होता, सहावा तिनं खळीच्या पातेल्याला टेकवून उभा केला होता. हात ब्रशावर नि डोळे कारकुनाच्या काठीवर. आणि बिबीजान म्हणाली होती, "खळ जल रई, आन् इसे समिंदर दिखताय!"

उजवीकडं एक गठ्ठा होता, डावीकडं एक. एक रद्दीचा, एक सातव्याचा. न बघता उचलला की छापलेला कागद हाताला सगळा सारखाच लागतो.

चाँदबीनं घंगाळात पाणी घेतलं आणि किडका पुठ्ठा त्यात आडवा केला. पाणी मुरायला वेळ लागतो. ती शेजारी बसून राहिली. तिच्या मनात एकच गोष्ट होती: आत रद्दी निघू दे. रद्दी सरमिसळ असते. कुठं तिसऱ्या फर्म्याचा वाकडा ताव, कुठं पाचव्याचा शाई फासलेला. तसं काही निघालं तर दहाव्या फर्म्यातली ओळ ही नुसती गोष्टीतली ओळ राहील.

पहिला थर सुटला. स्वच्छ ताव, पान सत्त्याण्णव. दुसरा. सत्त्याण्णव. तिसरा. खलाशी पिंपाला पाठ लावून निजला होता, आठही थरांत, एकाखाली एक. पुठ्ठे सहा, थर आठ. हा पाढा तिला लहानपणी वडिलांनी चालता चालता शिकवला होता. महिनाभर अठ्ठेचाळीस हा आकडा तिच्या डोक्यात होता आणि सहा पुठ्ठे तिच्या डोळ्यांसमोर भिंतीशी उभे होते.

आणखी एक गोष्ट तिला आता दिसली, जी तेव्हाही दिसली होती. पुठ्ठे केल्यावर रद्दीचा गठ्ठा संपायला हवा होता. तो संपला नव्हता. 'या खेपेला छापखान्यानं रद्दी जास्त दिली,' असं मनाशी म्हणून तिनं तो कोपऱ्यात सरकवला होता. जास्त भरलेलं तिनं मोजलंच नव्हतं.

ट्रंकेत कपड्यांखाली तिनं तो एक ताव ठेवला होता, तानाबाईच्या गुंडाळीतला, पुरावा म्हणून. तो काढला. पान सत्त्याण्णव, स्वच्छ. मग उलटा केला. मागची बाजू दोनदा छापली गेली होती. ओळीवर ओळ चढून सगळं काळं झालं होतं. आंधळ्यालाही बोट फिरवून कळलं असतं. तिला फक्त मनगट वळवायचं होतं, आणि ते तिनं केलं नव्हतं. वर म्हणाली होती, अक्षर वाचता येतं मला.

ती ट्रंकेला टेकून खाली बसली. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. नुसतं तोंड कोरडं पडलं.

अमीननं ऐकून घेतलं. तो सहसा आवाज चढवत नसे. "झालं ते झालं," तो म्हणाला. "आता गावभर कशाला? लोक म्हणतील, ह्याच्या घरात चांगले फर्मे पुठ्ठ्यात जातात. छापखाना काम देईल का? तानाबाईला निरोप धाडू, ये म्हणून. दोन पायली जोंधळे धाडू. ती समजून घेईल."

"काय समजून घेईल?"

"की आपला राग गेला."

"राग," चाँदबी म्हणाली, आणि तिनं तो ताव ट्रंकेत परत ठेवला.

तरी गुरुवारी ती गप्पच बसली. ही गोष्ट नंतर तिला पुठ्ठ्याहून जास्त खुपली. पुठ्ठे केले तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. गुरुवारी ठाऊक होतं. बायका जमल्या, विठाबाईनं विचारलं, "आज का आवाज बसलाय कारकुनाचा?" आणि चाँदबी म्हणाली, "डोकं दुखतंय." मग विठाबाईनं उचगावची बातमी सांगितली. केरबाच्या गाड्यावर पोरंसोरं पुडी उलगडतात आणि ओरडतात, बघू बघू, समुद्राचं पान हाय का! सोपा हसला. चाँदबीनं मान खाली घालून घडी घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची घडी वाकडी आली.

रात्री तिनं अमीनला सांगितलं की ती उद्या बाजाराला उचगावला जाणार. त्यानं दाभणात दोरा ओवला, गाठ मारली. शेवटी म्हणाला, "अम्माला घेऊन जा. एकटी नको."

बिबीजान बाजाराच्या नावानं खूश होती. चाँदबीच्या काखेत एक पुठ्ठा होता, सहातला दुसरा, एका बाजूनं भिजवून थर सुटे केलेला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. आणि तो दोनदा छापलेला ताव. कागलच्या बाजूनं आलेल्या बैलगाड्यांची रस्त्यावर रांग होती. वाटेत ती मनात वाक्यं जुळवत होती. 'तानाबाई, माझी चूक झाली.' 'तानाबाई, गैरसमज झाला.' दुसरं वाक्य तिनं लगेच टाकून दिलं. गैरसमज आपोआप होतो, पावसासारखा. हा तिनं केला होता.

भट्टी पिंपरणीच्या झाडाखाली होती. केरबा फुटाणे मापून देत होता, मागं तानाबाई कढईतली तापलेली वाळू उलथत होती. केरबानं चाँदबीला कधी पाहिलेलं नव्हतं.

"या पावणं! काय देऊ? खारं का हळदीचं?"

बिबीजाननं हळदीचे मागितले. केरबानं पळसाचं पान घेतलं, त्याचा द्रोण वळला आणि त्यात फुटाणे ओतले. गरम फुटाण्यांनी पान लगेच मऊ पडलं.

"कागद नाही का?" बिबीजान म्हणाली. "पान फाटेल की."

"कागद बंद केला मावशी. कागदात दिलं की गिऱ्हाईक आधी पुडी उलगडून वाचतंय, मग फुटाणं खातंय. न वाचता येणारंबी वाचतंय!" केरबा हसला, हे वाक्य त्यानं बऱ्याच जणांना म्हटलं असावं, कारण हसू आधी आलं आणि शब्द मागून. "पानावर कोण काय लिवत न्हाय. ते बरं."

चाँदबीनं तो द्रोण हातात धरला. जुळवून आणलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

तानाबाईनं मान वर केली. झारा थांबला, मग पुन्हा चालू झाला. "या भाबी," ती म्हणाली. "आनखी काय कमी पडलं?"

"काही नाही. तानाबाई, ताव सापडले." तिनं फडकं सोडलं. थर एकमेकांवरून घसरले. "मीच पुठ्ठ्यात चिकटवले होते. वाचायच्या नादात. आणि हा, तुमच्या गुंडाळीतला. उलटा करून बघितला मी. बिघडलेलाच होता. माझी चूक झाली."

हे सगळं ती इतकं हळू बोलली, की वाळूच्या सळसळीत निम्मं बुडालं. तानाबाईनं सुटलेला एक थर बोटांत धरून बघितला. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं कागदाचा पोत चोळून बघितला आणि मान हलवली.

"मला काय सांगताय? मी घेतलो न्हाय, हे मला ठाऊकच हाय की. ज्यास्नी ठाऊक न्हाय, त्यास्नी सांगा."

चाँदबीनं आजूबाजूला बघितलं. भट्टीभोवती पंधरा-वीस माणसं होती. गाडीवान, माळवं-भाजी विकणाऱ्या बायका, दोन पहिलवान, तोंडात फुटाणे टाकणारे म्हातारे. त्यांतलं कुणीच तिला ओळखत नव्हतं. अनोळखी बाजारात तिनं कधी तोंड उघडलेलं नव्हतं.

"ऐका," ती म्हणाली.

"मोठ्यानं," तानाबाई म्हणाली. "फुटाणं भाजताना ऐकू येत न्हाय."

चाँदबीनं पुठ्ठा डोक्याच्या उंचीला धरला. "ऐका! कोल्हापुरात अमीन जिल्दसाज आहे, त्याची मी बायको. पुस्तकाचे ताव चोरले म्हणून तानाबाईवर आळ घेतला, तो मी घेतला. ताव हे आहेत. माझ्या हातानं पुठ्ठ्यात गेले. तानाबाईनं एक कपटासुद्धा घेतला नाही. तिनं मला उलटं करून बघा म्हटलं, ते मी बघितलं नाही."

तिचा आवाज शेवटी फाटला. मग एक म्हातारा पुढं आला आणि पुठ्ठ्याचा कोपरा उचकटून म्हणाला, "आरं, खरंच की. पोटात छापलंय ह्येच्या!" एक पहिलवान म्हणाला, "मग आता दे की केरबा कागदात." लोक हसले. हसण्याचा रोख कुणावर आहे, ते चाँदबीला कळत होतं. तिनं ते अंगावर घेतलं.

केरबानं बायकोकडं बघितलं. "आज न्हाय," तानाबाई म्हणाली. "आज पानातच दे."

गिऱ्हाईक पांगलं. तानाबाईनं कढईखालचा जाळ मागं ओढला आणि पहिल्यांदा चाँदबीकडं नीट बघितलं. "त्यो खलाशी?"

चाँदबीला क्षणभर वाटलं, सांगावं, जगला. एक गलबत आलं आणि त्याला घेऊन गेलं. तानाबाईला कुठं वाचता येतं! पण मनात ते आल्याचीच तिला लाज वाटली. "मेला," ती म्हणाली. "दहाव्या फर्म्यात. पाणी न मिळून."

"आन् पाणी? कमी व्हायचं थांबलं?"

"नाही. रोज दोन बोटं. तसंच."

तानाबाई झाऱ्यानं वाळूवर रेघा ओढत राहिली. "पिंपाच्या बुडाला हात लावला का कुणी?"

"दहाव्यात तरी नाही, शेवटपर्यंत वाचला मी. अकरावा फर्मा यायचाय."

"लाकडाचं पिंप निम्मं रिकामं झालं की उन्हानं पाट्या सुकत्यात, आन् बुडाला पाझर फुटतोय. मामाच्या घरला तसलं व्हतं. होडीत खाली समुद्राचं पाणी साचलेलं, त्यात गळलं तर कुणाला दिसायचं? त्या खलाशाला ठाऊक असणार. म्हणून पाठ लावून निजत असंल, पाठीला वल लागली की कळाया." तिनं झारा ठेवला. "खरं, इचारलंच न्हाय त्येला कुणी."

पुस्तकात पुढं काय आहे ते चाँदबीला ठाऊक नव्हतं. कारकुनानं सगळं वरूनच मोजलं होतं, एवढं मात्र तिला ठाऊक होतं.

"येशील?" तिनं विचारलं. अहो-जाहो सुटलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "पुन्हा कामाला?"

"हितं सांगितलंसा ते झालं. मी सोप्यातनं चोर म्हणून भाईर पडलो. तिथं सांगा. विठाबाई हसली व्हती. ती काय करती बघा, मग मला सांगा. मग मी बघतो." तानाबाईनं हात पुढं केला. "त्यो पुठ्ठा हितंच ऱ्हाऊ द्या."

तिनं पुठ्ठा गाड्याला टेकवून उभा केला, छापलेली बाजू रस्त्याकडं. ओला कागद उन्हात आक्रसायला लागला होता.

परतताना बिबीजान फुटाणे खात होती. चाँदबीच्या वाटणीचे द्रोणातच राहिले. गंगावेशीपर्यंत आले, तेव्हा पान काळपट पडून चिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका जमल्या. पुढच्या खोलीतून अमीनच्या दाभणाचा आवाज येत होता. तिनं काय ठरवलंय ते त्याला ठाऊक होतं. त्यानं दार ओढून घेतलं नव्हतं.

"दहाव्यातलं ऱ्हायलेलं आज व्हय?" विठाबाईनं बसता बसता विचारलं.

"नाही," चाँदबी म्हणाली. "आज सातवा पुन्हा वाचायचाय."

"त्यो झाला की!"

"झाला. पण मी नीट वाचला नव्हता." तिनं घंगाळात सोडवून वाळवलेले आठ ताव मांडीवर घेतले, सगळ्यात वर तो दोनदा छापलेला ठेवला, तो सगळ्यांना दिसेल असा उलटा केला, आणि भट्टीजवळ बोलावं लागतं तेवढ्या मोठ्या आवाजात तिनं सुरुवात केली.